धर्मयुद्धाचा वारसा आणि गोवा : अफांसो द अल्बुकर्क

प्रस्तावना

अकराव्या शतकाच्या अखेरीपासून सुमारे दोनशे वर्षे युरोपातील ख्रिस्ती आणि पश्चिम आशियातील मुसलमान यांच्यात जेरुसलेम या पवित्र नगरीसाठी अनेक युद्धे झाली. ही युद्धे ‘धर्मयुद्धे’ किंवा ‘क्रूसेड’ या नावाने ओळखली जातात. ती आपल्या देशापासून फार दूर लढली गेली. त्यामुळे आपल्या भूमीशी त्यांचा काही संबंध नसावा, असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु या युद्धांतून निर्माण झालेली वैरभावना आणि महत्त्वाकांक्षा पुढे समुद्रमार्गाने कोकणच्या किनाऱ्यापर्यंत येऊन पोहोचली. ती घेऊन येणाऱ्यांत सर्वांत प्रभावी पुरुष म्हणजे पोर्तुगीज सेनानी अफांसो द अल्बुकर्क. प्रस्तुत पाठात आपण त्याचे चरित्र वाचणार आहोत. धर्मासाठी लढतो असे मानणाऱ्या या सेनानीचे मित्र कोण होते, शत्रू कोण होते आणि ते कोणत्या कारणाने ठरत होते, याकडे वाचताना विशेष लक्ष द्यावे.

धर्मयुद्धांची पार्श्वभूमी

इ. स. १०९५ मध्ये पोप दुसरा अर्बन याने फ्रान्समधील क्लेरमाँ येथे जेरुसलेम मुक्त करण्याचे आवाहन केले. १०९९ मध्ये ख्रिस्ती सैन्याने ते शहर जिंकले आणि तेथील मुसलमान व ज्यू रहिवाशांची मोठी कत्तल केली. ११८७ मध्ये सुलतान सलाउद्दीनने जेरुसलेम परत मिळवले. १२९१ मध्ये इजिप्तच्या मामलूक सुलतानाने आक्रे हे ख्रिस्त्यांचे अखेरचे मोठे ठाणे घेतले आणि पूर्वेकडील धर्मयुद्धांचा मुख्य अध्याय संपला.

युरोपच्या पश्चिम टोकाला मात्र हा संघर्ष संपलेला नव्हता. स्पेन आणि पोर्तुगाल या भूमीवर मुसलमानांचे राज्य आठव्या शतकापासून होते. लिस्बन शहर ११४७ मध्ये पोर्तुगीज राजाने जिंकले, तेही पूर्वेकडे निघालेल्या धर्मयोद्ध्यांच्या साहाय्याने. पोर्तुगालचे राज्य जणू या युद्धातच जन्माला आले. पुढे पोर्तुगीज जहाजांच्या शिडांवर जो तांबडा क्रूस दिसू लागला, तो ‘ख्रिस्ताचा संघ’ या लढाऊ धर्मसंघाचे चिन्ह होता. जेरुसलेमच्या रक्षणासाठी स्थापन झालेल्या टेंप्लर संघाची पोर्तुगालमधील मालमत्ता या नव्या संघाकडे आली होती.

धर्माबरोबर व्यापाराचाही प्रश्न होता. मलबारची मिरी, लवंग, जायफळ हा माल अरबी समुद्र आणि तांबडा समुद्र ओलांडून इजिप्तला जाई. तेथून व्हेनिसचे व्यापारी तो युरोपात नेत. या वाहतुकीवरील जकातीने मामलूक सुलतानांचा खजिना भरत असे. भारताचा थेट समुद्रमार्ग सापडला, तर मिरीचा नफाही मिळेल आणि मुसलमान सुलतानांची आर्थिक कोंडीही होईल, असा दुहेरी हिशेब पोर्तुगीज राजांनी मांडला होता. १४९८ मध्ये वास्को द गामा कालिकतला पोहोचला, तेव्हा या हिशेबाला प्रत्यक्ष रूप आले.

जन्म आणि जडणघडण

अल्बुकर्कचा जन्म इ. स. १४५३ च्या सुमारास लिस्बनजवळील आल्यांद्रा येथे एका सरदार घराण्यात झाला. उस्मानी तुर्कांनी ख्रिस्ती जगातील प्रख्यात राजधानी कॉन्स्टँटिनोपल जिंकली, तेही याच वर्षी. त्या पराभवाची सल मनात बाळगणाऱ्या पिढीत तो वाढला. राजा पाचवा अफांसो याच्या दरबारात त्याचे शिक्षण झाले. लॅटिन भाषा, गणित आणि शस्त्रविद्या यांचे संस्कार त्याच्यावर झाले.

वयाच्या अठराव्या वर्षाच्या सुमारास, १४७१ मध्ये, मोरोक्कोच्या किनाऱ्यावरील आर्झिला आणि टँजियर ही शहरे घेण्याच्या मोहिमेत तो सामील झाला. उत्तर आफ्रिकेत त्याने अनेक वर्षे लढाईत घालवली. तुर्कांनी इटलीतील ओट्रांटो शहर घेतले, तेव्हा त्यांच्याविरुद्ध गेलेल्या पोर्तुगीज आरमारातही तो होता. पुढे राजा दुसरा जॉन याने त्याला राजाच्या अश्वशाळेचा प्रमुख नेमले. अशा रीतीने भारतात येण्यापूर्वीच त्याचे निम्म्याहून अधिक आयुष्य मुसलमान सत्तांशी लढण्यात आणि दरबारी सेवेत गेले होते.

भारताकडे

१५०३ मध्ये अल्बुकर्क प्रथम भारतात आला. त्या वेळी त्याचे वय पन्नाशीच्या आसपास होते. कोचीच्या हिंदू राजाला त्याने साहाय्य केले आणि तेथे पोर्तुगीजांचा किल्ला उभा राहिला. १५०६ मध्ये तो दुसऱ्यांदा निघाला. वाटेत सोकोत्रा बेट घेऊन त्याने १५०७ मध्ये इराणच्या आखाताच्या मुखाशी असलेल्या होर्मुझ या श्रीमंत बंदरावर हल्ला केला. तेथील राजाने खंडणी मान्य केली. परंतु अल्बुकर्कच्या कठोर शिस्तीला आणि तेथे किल्ला बांधण्याच्या श्रमाला कंटाळून त्याचेच काही कप्तान त्याला सोडून गेले. त्यामुळे हाती आलेले बंदर त्याला सोडावे लागले.

याच सुमारास जुन्या धर्मयुद्धांतील प्रतिस्पर्धी कोकणच्या किनाऱ्यावर समोरासमोर आले. इजिप्तच्या मामलूक सुलतानाने आपले आरमार भारताच्या किनाऱ्यावर पाठवले होते. मार्च १५०८ मध्ये चौलच्या खाडीत या आरमाराने दीवच्या गलबतांच्या मदतीने पोर्तुगीजांचा पराभव केला. पोर्तुगीज व्हाइसरॉय फ्रांसिस्को द अल्मेदा याचा तरुण मुलगा लोरेंसो या लढाईत मारला गेला. आक्रे घेणाऱ्या सुलतानांच्या गादीचे वारस आणि लिस्बनच्या धर्मयोद्ध्यांचे वंशज आज रायगड जिल्ह्यात असलेल्या चौलपाशी झुंजले, ही गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे.

मुलाच्या मृत्यूचा सूड घेण्यासाठी निघालेल्या अल्मेदाने १५०८ च्या अखेरीस दाभोळ बंदर जाळले आणि तेथील रहिवाशांची कत्तल केली. त्यानंतर फेब्रुवारी १५०९ मध्ये दीवच्या लढाईत त्याने मुसलमान आरमाराचा निर्णायक पराभव केला. या युद्धात इजिप्त आणि गुजरातच्या सुलतानांच्या बाजूने कालिकतचा हिंदू राजा सामुरी उभा होता, तर कोचीचा हिंदू राजा पोर्तुगीजांच्या बाजूने होता. व्हेनिसचे लोक ख्रिस्ती असले, तरी त्यांचे हित इजिप्तच्या विजयात गुंतले होते. युद्ध धर्माच्या नावाने चालले होते. पण बाजू ठरवताना मिरीचा व्यापार धर्माइतकाच बोलत होता.

अल्बुकर्ककडे राजाने दिलेली नेमणूक होती. पण अल्मेदाने त्याच्या हाती अधिकार देण्याचे टाळले आणि त्याला कण्णूर येथे कैदेत ठेवले. १५०९ च्या अखेरीस पोर्तुगालहून नवे आरमार आल्यावर त्याची सुटका झाली आणि तो गव्हर्नर झाला. जानेवारी १५१० मध्ये कालिकतवर केलेला हल्ला फसला. त्यात तो स्वतः जबर जखमी झाला.

गोव्याची पहिली स्वारी

१५१० च्या आरंभी अल्बुकर्क तांबड्या समुद्राकडे निघाला होता. तेथील मुसलमान आरमाराचा बंदोबस्त करावा, असा त्याचा विचार होता. वाटेत होनावरचा हिंदू आरमारी सरदार तिमय्या त्याला भेटला. विजापूरच्या आदिलशाहीतील गोवा बंदर दुर्बल अवस्थेत आहे, ते घेण्याची हीच वेळ आहे, असे त्याने सुचवले. एके काळी विजयनगरच्या ताब्यात असलेले गोवा बहमनी वजीर महमूद गावान याने जिंकले होते. पुढे ते आदिलशाहीकडे आले होते. अरबस्तान आणि इराणमधून येणारे घोडे याच बंदरात उतरत. दक्षिणेतील प्रत्येक राजाला घोडदळासाठी या व्यापाराची गरज होती. गोवा ज्याच्या हाती, त्याच्या हाती घोड्यांचा व्यापार, हे तिमय्या आणि अल्बुकर्क दोघेही जाणून होते.

फारसा प्रतिकार न होता पोर्तुगीज शहरात शिरले. अल्बुकर्कने रहिवाशांना अभय दिले, कर कमी केला आणि ज्याने त्याने आपला धर्म पाळावा असे जाहीर केले. परंतु विजापूरची मोठी फौज लवकरच चालून आली. मे महिन्याच्या अखेरीस पोर्तुगीजांना शहर सोडून जहाजांवर यावे लागले. तोवर पाऊस सुरू झाला होता. खवळलेल्या समुद्रामुळे मांडवीच्या मुखातून बाहेर पडणे अशक्य झाले. सुमारे अडीच महिने हे आरमार नदीत अडकून पडले. दोन्ही काठांवर शत्रूच्या तोफा होत्या. अन्न संपत आले, तेव्हा खलाशांनी उंदीर आणि चामडेसुद्धा खाल्ले.

पोर्तुगीज इतिहासकारांनी या काळातील एक प्रसंग नोंदवला आहे. शत्रूला भुकेने नव्हे तर शस्त्राने जिंकावे, या भावनेने आदिलशाही छावणीतून पोर्तुगीजांकडे अन्नाने भरलेली होडी पाठवण्यात आली. अल्बुकर्कने आजाऱ्यांसाठी राखलेले उरलेसुरले मद्य आणि बिस्किटे डेकवर मांडून दाखवली, आपल्याला काही कमी नाही असे भासवले आणि ते अन्न परत पाठवले. या प्रसंगातून दोन्ही बाजूंचा बाणेदारपणा दिसतो. ऑगस्टमध्ये समुद्र निवळल्यावर जहाजे बाहेर पडली.

२५ नोव्हेंबर १५१०

तीनच महिन्यांत अल्बुकर्क नव्या जहाजांनिशी परत आला. दरम्यान यूसुफ आदिलशहाचे निधन झाले होते आणि त्याचा अल्पवयीन मुलगा इस्माईल गादीवर आला होता. २५ नोव्हेंबर १५१० रोजी, संत कॅथरीनच्या सणाच्या दिवशी, पोर्तुगीजांनी शहरावर हल्ला केला आणि काही तासांत ते जिंकले.

त्यानंतर जे घडले, ते अल्बुकर्कच्या चरित्रातील सर्वांत काळे पान होय. या वेळी त्याने अभय दिले नाही. शहरातील मुसलमानांना ठार मारण्याची त्याने आज्ञा केली. चार दिवस ही कत्तल चालली. स्त्रिया आणि मुलेही तीतून वाचली नाहीत. मृतांची संख्या सहा हजारांच्या आसपास असल्याचे त्याने स्वतःच राजाला पत्राने कळवले. शेतकरी आणि ब्राह्मण यांना मात्र मारू नये, असे त्याने सैनिकांना बजावले होते. चारशे वर्षांपूर्वी जेरुसलेममध्ये घडले, त्याचीच ही पुनरावृत्ती होती. मरणाऱ्यांत लढणारे सैनिक होते, तसेच घोडे आणि कापड विकणारे व्यापारी आणि त्यांची कुटुंबेही होती. जेरुसलेमशी त्यांचा काहीही संबंध नव्हता.

प्रशासक

कत्तल करणाऱ्या या सेनानीने राज्यकारभारात मात्र मोठी व्यवहारबुद्धी दाखवली. मूठभर पोर्तुगीजांच्या बळावर गोवा टिकणार नाही, हे त्याला ठाऊक होते. म्हणून गावांचा कारभार पाहणारी परंपरागत गावकरी पद्धत त्याने चालू ठेवली. महसुलाची व्यवस्था त्याने प्रथम तिमय्याकडे आणि नंतर होनावरच्या राजघराण्यातील मल्हारराव याच्याकडे सोपवली. त्याने टांकसाळ सुरू करून नवी नाणी पाडली आणि इस्पितळ स्थापन केले. सतीची चाल त्याने आपल्या हद्दीत बंद केली. बंगालमध्ये इंग्रजांनी सतीबंदीचा कायदा केला तो १८२९ मध्ये, म्हणजे तीनशेहून अधिक वर्षांनी.

पोर्तुगीज सैनिकांनी स्थानिक स्त्रियांशी विवाह करून गोव्यात स्थायिक व्हावे, यासाठी त्याने त्यांना जमिनी आणि पैसा दिला. यांतील अनेक स्त्रिया युद्धात पकडलेल्या मुसलमान कुटुंबांतील होत्या. त्यांना ख्रिस्ती करून त्यांचे विवाह लावले गेले. त्यांच्या इच्छेचा विचार कोणी केला नाही. एका नव्या समाजाचा पाया अशा रीतीने घातला गेला.

मलाक्का, बाणस्तारी आणि एडन

१५११ मध्ये अल्बुकर्कने पूर्वेकडील मलाक्का हे मसाल्यांच्या व्यापाराचे मोठे बंदर जिंकले. तो परत आला, तेव्हा विजापूरचा सरदार रसूल खान गोव्याजवळ बाणस्तारी येथे ठाण मांडून बसला होता. १५१२ च्या अखेरीस अल्बुकर्कने त्याला माघार घ्यायला लावली. रसूल खानाच्या छावणीत काही पोर्तुगीज सैनिकही होते. ते आपला पक्ष सोडून विजापूरकरांना मिळाले होते आणि त्यांतील काहींनी इस्लाम स्वीकारला होता. त्यांना जिवे मारणार नाही, असे वचन अल्बुकर्कने दिले होते. ते त्याने अक्षरशः पाळले. परंतु त्यांचे नाक, कान, उजवा हात आणि डाव्या हाताचा अंगठा कापण्याची शिक्षा दिली. त्यांच्यापैकी फर्नांव लोपिश हा पुढे मायदेशी परत जाताना अटलांटिक महासागरातील निर्जन सेंट हेलेना बेटावर उतरला आणि त्याने उरलेले बहुतेक आयुष्य तेथेच काढले.

१५१३ मध्ये अल्बुकर्कने तांबड्या समुद्राच्या तोंडाशी असलेल्या एडनवर हल्ला केला. तटावर चढणाऱ्या सैनिकांच्या भाराने शिड्या मोडल्या आणि हल्ला फसला. तरीही तो आरमारासह तांबड्या समुद्रात शिरला. त्याच्या मनातील योजना थक्क करणाऱ्या होत्या. इथिओपियाच्या ख्रिस्ती राजाच्या साहाय्याने नाईल नदीचा प्रवाह वळवून इजिप्तची शेती उजाड करावी, तसेच मदिनेवर छापा घालून प्रेषितांचे अवशेष हस्तगत करावेत आणि त्यांच्या बदल्यात जेरुसलेम मागावे, असे बेत त्याने आखले होते. यांतील एकही बेत सिद्धीस गेला नाही. जेरुसलेमचे स्वप्न पाहणारा राजा मानुएल आणि त्याचा हा सेनानी चारशे वर्षांपूर्वीच्या कल्पनेत किती गुंतले होते, हे मात्र त्यांवरून दिसते.

आणि याच माणसाने इराणचा मुसलमान बादशहा शाह इस्माईल याच्याकडे मैत्रीसाठी वकील पाठवले! शाह इस्माईल शिया पंथाचा होता आणि सुन्नी तुर्कांशी त्याचे वैर होते. इजिप्तच्या मामलुकांविरुद्ध आणि तुर्कांविरुद्ध त्याने आपल्याबरोबर यावे, अशी अल्बुकर्कची इच्छा होती. गुजरातच्या सुलतानाशीही त्याने वाटाघाटी केल्या. त्या सुलतानाने भेट दिलेला गेंडा त्याने राजाकडे पाठवला. १५१५ मध्ये लिस्बनला पोहोचलेल्या या गेंड्याच्या वर्णनावरून जर्मन चित्रकार ड्यूरर याने आपले प्रसिद्ध चित्र तयार केले.

अखेर

१५१५ मध्ये अल्बुकर्कने होर्मुझ पुन्हा ताब्यात घेतले. तेथेच तो आजारी पडला. गोव्याकडे परतत असताना वाटेत त्याला बातमी कळली, की दरबारातील विरोधकांच्या सांगण्यावरून राजाने त्याला पदावरून दूर केले असून लोपो सुआरिश हा नवा गव्हर्नर आला आहे. या आघाताने तो खचला. राजाला अखेरचे पत्र लिहून त्याने आपल्या मुलाची काळजी घेण्याची विनंती केली. १६ डिसेंबर १५१५ रोजी पहाटे, गोवा दृष्टिपथात असताना, जहाजावरच त्याचे निधन झाले. गोव्यातच त्याचे दफन करण्यात आले.

पुढील अधिकाऱ्यांच्या जुलमाने गांजलेले हिंदू आणि मुसलमान त्याच्या थडग्यापाशी जाऊन न्याय मागत असत, असे सांगितले जाते. १५६६ मध्ये त्याचे अवशेष लिस्बनला नेण्यात आले.

चरित्राचे मूल्यमापन

अल्बुकर्क शूर, कष्टाळू आणि दूरदृष्टीचा होता. त्याचबरोबर तो निष्ठुरही होता. त्याचे आयुष्य नीट तपासले, तर धर्मयुद्ध या कल्पनेतील विसंगती स्पष्ट होते. त्याच्या शिडांवर क्रूस होता. पण गोवा त्याला सुचवले एका हिंदू सरदाराने, त्याचा महसूल सांभाळला हिंदू कारभाऱ्यांनी, मैत्रीचा हात त्याने पुढे केला मुसलमान बादशहापुढे आणि त्याच्याविरुद्ध लढणाऱ्यांत त्याच्याच देशाचे ख्रिस्ती सैनिक होते. राज्यकर्त्यांची मैत्री आणि वैर गरजेनुसार बदलत होते. नोव्हेंबर १५१० मध्ये गोव्याच्या रस्त्यांत मारल्या गेलेल्या सामान्य माणसांना मात्र अशी कोणतीही सवलत मिळाली नाही. त्यांचा धर्म हाच त्यांचा अपराध ठरला.

पेरलेल्या असहिष्णुतेचे पीक पुढेही येत राहिले. अल्बुकर्कने ज्या हिंदूंना अभय दिले होते, त्यांचीही पाळी आली. १५४० पासून तिसवाडीतील देवळे पाडली गेली आणि १५६० मध्ये गोव्यात धर्मन्यायालय म्हणजे इन्क्विझिशन आले. अनेक कुटुंबे आपले देव घेऊन नदीपलीकडे फोंड्याच्या परिसरात गेली. आज तेथे असलेली मंगेशी आणि शांतादुर्गा यांची देवस्थाने या स्थलांतराची साक्ष देतात. ४५१ वर्षांची पोर्तुगीज राजवट १९ डिसेंबर १९६१ रोजी संपली. जुन्या गोव्यात संत कॅथरीनचे छोटे चॅपेल विजयाचे स्मारक म्हणून उभे आहे. त्याच भूमीत मारल्या गेलेल्यांचे स्मारक नाही. त्यांची आठवण ठेवणे हे इतिहास वाचणाऱ्याचे काम आहे.

पाठान्त प्रश्न

१. भारताचा थेट समुद्रमार्ग शोधण्यामागे पोर्तुगीज राजांचा दुहेरी हिशेब कोणता होता?

२. चौलच्या लढाईचा धर्मयुद्धांच्या इतिहासाशी असलेला संबंध स्पष्ट करा.

३. गोव्याच्या पहिल्या आणि दुसऱ्या स्वारीच्या वेळी अल्बुकर्कच्या वर्तनात कोणता फरक दिसतो?

४. धर्मयुद्ध या कल्पनेतील विसंगती अल्बुकर्कच्या चरित्रातील तीन उदाहरणे देऊन सांगा.

५. आपल्या परिसरातील एखाद्या जुन्या वास्तूची किंवा देवस्थानाची माहिती वडीलधाऱ्यांकडून मिळवा आणि ती दहा ओळींत लिहा.